साडूची गाडी दबत नाही

मत्सर माणसाला म्हातारा करतो असं म्हणतात. वेल्डरच्या बाबतीत उलटं होतं. साडूचं काही नवं कानावर आलं की त्याच्या अंगात तरतरी यायची, डोळे चमकायचे, आणि हातातलं काम टाकून तो त्या नव्या वस्तूतली खोट शोधायला लागायचा. साडूनं घराला रंग दिला तेव्हा यानं भाकीत केलं, पहिल्या उन्हाळ्यात पोपडे निघतील. उन्हाळा गेला, पोपडे काही निघेनात. तेव्हा म्हणाला, "निघत नाहीत म्हणजे रंगात काहीतरी विषारी असणार!"

हा फिरता वेल्डर. जुन्या पिकअपच्या हौद्यात वेल्डिंगचं मशीन, जनरेटर, हत्यारांच्या पेट्या. मागं कॉम्प्रेसरची ट्रॉली. कुठं फाटक निखळलं, कुठं पाइप फुटला, की हा निघाला. धाकट्या साडूचा धंदा तोच, गिऱ्हाइकं बरीचशी तीच, आणि बायका तर सख्ख्या बहिणी. एवढं सगळं जमून आल्यावर माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

त्यात साडूनं नवी पिकअप घेतली. हौद्याच्या मागच्या टोकाला छोटी क्रेन, बटण दाबलं की हात लांबवणारी. क्रेन एकवेळ वेल्डरनं पचवली असती. त्याला झोंबलं ते निराळंच. ट्रॉली जोडली की वेल्डरची गाडी मागून बसायची, नाक वर करून चालायची. गल्लीतल्या लोकांनी तिचं नाव 'बसकी म्हैस' ठेवलं होतं. साडूची गाडी मात्र क्रेन असून, वर ट्रॉली जोडूनसुद्धा, टेबलासारखी सपाट.

"आपली दबत नाही," साडू म्हणायचा. कुणी विचारलेलं नसायचं, तरी म्हणायचा.

वेल्डरची बायकोही मग घरी भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, त्यांच्या गाडीत बसलं की कळतच नाही हो गाडीत बसलोय ते. तुमच्यात बसलं की मणके मोजून घ्यावे लागतात."

अशात सासऱ्यांनी आपलं वर्कशॉप बंद करायचं ठरवलं. सासरे जुने टर्नर. भाड्याच्या जागेत त्यांचं लोखंड कातायचं एक लेथ मशीन होतं, काळंभोर, तेलानं मुरलेलं. लग्नानंतर वेल्डर त्याच लेथवर हात बसवायला यायचा. त्याचा आवाज जरा बदलला तरी कुठला पट्टा सैल झालाय हे तो डोळे मिटून सांगायचा. लेथ आपल्याकडे येणार हे त्यानं मनात कधीच धरून ठेवलं होतं. शेडचा कोपरा झाडूनसुद्धा ठेवला होता.

सासरे म्हणाले, "लेथ धाकट्याकडे जाऊ दे. त्याची शेड मोठी आहे. शिवाय नेणारही तोच, क्रेन आहे त्याच्याकडे."

त्या रात्री वेल्डर जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "भूक नाही." सकाळी पातेल्यातलं उरलंसुरलं मात्र त्यानंच संपवलेलं निघालं. मत्सराचं तसंच असतं, उपाससुद्धा धड करू देत नाही.

लेथ न्यायच्या दिवशी वेल्डर मुद्दाम उशिरा पोचला. उचलताना बघायला नको म्हणून. तर लेथ ट्रॉलीवर चढलेलं, साखळ्या आवळलेल्या, ट्रॉली साडूच्या पिकअपला जोडलेली. सासरे स्टुलावर बसलेले. जागेचा मालक कुलूप हातात खेळवत उभा. बायको आणि मेहुणी गाडीला प्रदक्षिणा घालत होत्या.

"भावजी, बघा की," मेहुणी म्हणाली, "एवढं धूड मागं लावलंय, पण गाडी केसभर दबली नाही!"

वेल्डरनं बघितलं. खरंच दबली नव्हती. खोट काढायची म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि ट्रॉली जोडायच्या हुकापाशी डोकं घातलं. एरवी अशा वेळी त्याला काही सापडायचं नाही. आज सापडलं.

ट्रॉलीच्या दांड्याचा भार हुकावर नव्हताच. उलट दांडा हुकाला वर ढकलत होता. लेथचं एक टोक जड असतं; मोटर, गिअरचा डबा, चक सगळं तिकडेच. त्याला म्हणायचं डोकं. दुसरं टोक त्या मानानं फुलासारखं. साडूनं ते डोकं ट्रॉलीच्या पार मागच्या कडेला ठेवलं होतं, चाकांच्याही मागं. म्हणजे ट्रॉली मागून खाली आणि पुढून वर. क्रेन गाडीचं शेपूट खाली दाबतेय, ट्रॉली ते वर उचलतेय, आणि दोघींच्या ओढाताणीत गाडी बिचारी सरळ उभी दिसतेय. काही घरं अशीच सुखी दिसतात.

अशी गाडी गावात गुपचूप चालते. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला, उतार लागला, शेजारून एखादा मोठा ट्रक हवा फेकत गेला, की ट्रॉली शेपटी हलवायला लागते. आधी थोडी, मग जास्त. मग ती गाडीलाच हलवते. चालवणारा घाबरून ब्रेक दाबतो, आणि खेळ खलास.

आता खरं सांगायचं तर वेल्डरला आधी गंमतच वाटली. हलू दे की! भर रस्त्यात दबत नाही म्हणणाऱ्याची गाडी नाचू दे, लोकांनी बघू दे. हे चित्र त्यानं मनातल्या मनात चांगलं चघळलं. पण त्या चित्रात लेथ होतं. रस्त्यावर आडवं पडलेलं, डोकं फुटलेलं. आणि तेवढ्यात बायकोनं साडूच्या गाडीचं दार उघडून आपली पिशवी आत ठेवली.

"तू कुठं निघालीस?"

"ह्यांच्या गाडीतून येते. बाबा बसतील तुमच्या शेजारी."

"बसू नकोस त्यात."

"का?"

वेल्डरनं मग सरळ सांगून टाकलं. "डोकं मागं ठेवलंय. ट्रॉली झोके खाईल. लेथ फिरवून घ्या."

मेहुणी फिसकन हसली. साडू म्हणाला, "साडूभाऊ, विचार करून ठेवलंय. शेडमध्ये ट्रॉली मागं मागं घेतली की डोकं नेमकं भिंतीशी जातं, विजेच्या बोर्डाजवळ. आणि झोके कसे खाईल? दबलीय का बघा तरी!"

"दबली नाही हीच तर खोट आहे!"

यावर मात्र सगळेच हसले, जागेचा मालकसुद्धा. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचा जीव होता लेथवर, मला ठाऊक आहे. पण आता असं करू नये."

बायको जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "किती हो जळायचं? लाज काढलीत माझी."

इतकी वर्षं ज्यानं रंगात विष आणि क्रेनमध्ये गंज शोधला, त्याचं खरं बोलणं कोण ऐकणार? वेल्डरला ते त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं की या लोकांना हलवायला एकच रस्ता उरलाय, तो म्हणजे साडूला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं. त्याला वाटलं, यापेक्षा रस्त्यावर आडवं पडणं सोपं.

त्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"चुकलंच माझं. गाडी... चांगली आहे तुझी."

साडूनं कान पुढं केला. "काय म्हणालात?"

"चांगली आहे म्हटलं. क्रेन तर फारच. सगळ्यांनी लेथ उचलताना बघितलं, मी करंटा उशिरा आलो. एकदा उचलून दाखव की. आपल्या घराण्यात कुणाकडे अशी वस्तू आहे, आणि मीच बघितली नाही असं व्हायला नको."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर दाढ उपटत असल्यासारखा भाव होता. पण साडूला चेहरा कुठला दिसायला! तो विरघळला. वेल्डरनं गुपचूप ट्रॉलीच्या मागच्या कडेखाली ठोकळा सरकवला, साडूनं ट्रॉली सोडवली, गाडी बाजूला लावली, साखळ्या काढल्या. जागेच्या मालकानं घड्याळ दाखवलं तर म्हणाला, "थांबा हो, घरचं माणूस बघायचं म्हणतंय!"

पट्टे ताणले गेले, लेथ उचललं गेलं. लटकलेली वस्तू, कितीही जड असो, बोटानं फिरते. साडू बटणं दाबत, मान वर करून आपल्या क्रेनकडे बघत होता. वेल्डर "वा! वा!" म्हणत लेथच्या कडेला उभा राहिला आणि हलक्या हातानं ढकलत राहिला. लेथ खाली टेकलं तेव्हा डोकं पुढं होतं.

"अरे, हे उलटं बसलं!" साडू म्हणाला.

"बसलं खरं," वेल्डर म्हणाला. "असू दे आता. मालक खोळंबलेत."

साखळ्या आवळून ट्रॉली परत जोडली. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत साडूची नवी पिकअप मागून खाली बसली. म्हशीसारखीच.

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मुद्दाम केलंत! माझी गाडी दबावी म्हणून मुद्दाम फिरवलंत!"

वेल्डरनं नाही म्हटलं नाही. म्हणून उपयोगही नव्हता. तो एवढंच म्हणाला, "हौद्यातली ती हत्यारांची लोखंडी पेटी मागून काढून केबिनला चिकटवून ठेव. थोडी उचलेल."

इज्जतीचा प्रश्न होता, साडूनं ताबडतोब पेटी हलवली. गाडी थोडी सावरली. त्याला पुन्हा लेथ फिरवायचंच होतं, पण सासरे स्टुलावरून उठले. "बास झाले तुमचे खेळ. निघा." मालकानं कुलूप लावलं.

साडू पुढं, वेल्डर मागं, शेजारी सासरे. मोकळा रस्ता लागला. पुढचा मोठा उतार वेल्डरला पाठ होता, रोजचा. तिथं साडूच्या शेजारून एक लांबलचक ट्रक धडधडत गेला. वेल्डरनं स्टिअरिंग आवळलं. ट्रॉली आखून दिल्यासारखी सरळ गेली.

"बघा," सासरे म्हणाले, "हात कसा आहे त्याचा! जरा म्हणून हलली नाही."

वेल्डरनं गिअर बदलला. पुढं आपली बायको सुखरूप बसलीय, लेथ सुखरूप चाललंय, हे दिसत असतानाही एक पापी विचार त्याच्या मनात येऊन गेला: थोडी तरी हलायला हवी होती. एवढीशी. सासऱ्यांना दिसेल इतकी. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो, आणि न हललेल्या ट्रॉलीचं श्रेय जो चालवतो त्याला.

साडूच्या शेडपाशी सासऱ्यांनी उतरून धाकट्या जावयाच्या पाठीवर थाप मारली. "एवढं वजन, तो ट्रक, तो उतार. शाब्बास!"

साडूनं जराही वेळ घेतला नाही. "त्याचं काय आहे मामा, जड टोक पुढं ठेवायचं असतं. हुकावर भार आला की ट्रॉली सरळ चालते. म्हणून तर निघताना लेथ फिरवून घेतलं."

वेल्डरनं आ वासला. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ खणणाऱ्यालाच फुत्कारणारा पहिल्यांदाच बघितला.

"फिरवून घेतलं?" आवाज बायकोचा होता. ती पिशवी घेऊन केबिनमधून उतरत होती. "कुणी? सगळ्या रस्त्यात तर तुम्ही म्हणत होता, तुझ्या नवऱ्यानं माझी गाडी बसवली, तुझ्या नवऱ्यानं माझी गाडी बसवली!"

"अगं ताई, चहा टाकते," मेहुणी घाईनं म्हणाली.

सासरे मान हलवत म्हणाले, "झालं! आता तूही लागलीस का जळायला?"

बायको लाल झाली. चहा न घेताच ती वेल्डरच्या गाडीत जाऊन बसली. मणक्यांची चौकशी न करता.

घरी परतताना तिनं पिशवी मांडीवर आवळून धरली. मग म्हणाली, "त्या केबिनमध्ये कसला तरी वास येतो हो. कोंदट. आणि आरशावर काय ते चमचम लटकवलंय, समोरचं दिसत नाही धड."

वेल्डरनं गाडी हळू केली. घर लवकर यायला नको होतं त्याला.

"अजून?" तो म्हणाला.

"शेडची भिंत बघितलीत? ओल आलीय. सांगून ठेवते, लेथ गंजणार तिथं."

"गंजणारच," वेल्डर म्हणाला. संसारात इतकं सुख त्याला कधी लागलं नव्हतं. "तू सांग. अजून काय काय बघितलंस?"