आनंदरावांचं जड पाणी

आनंदराव धुमाळांनी तेहतीस वर्षं पाण्यावर पहारा केला. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते. लोकांना वाटतं, बॉयलरवाल्याचं काम आगीशी. आनंदराव म्हणायचे, "आग दिसते हो. पाणी दिसत नाही." जड पाणी बॉयलरमध्ये गेलं की नळ्यांना आतून क्षाराचा थर बसतो. थर बसला की नळी भलतीच तापते आणि मग एखाद्या दिवशी फुटते. म्हणून दर पाळीला ते बाटलीत पाणी घ्यायचे, साबणाच्या पाण्याचे थेंब घालायचे आणि बाटली हलवायचे. फेस आला तर पाणी मऊ, म्हणजे चांगलं. फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे कण तरंगले तर जड, म्हणजे शत्रू. तेहतीस वर्षांत त्यांच्या पाळीला एकही नळी फुटली नाही. दुसरं कुठलं भूषण त्यांच्या गाठीशी नव्हतं, आणि त्यांना ते लागतही नव्हतं.

बायको गोदूबाई गेल्यावर ते बदलापूरला मुलाकडे राहायला आले, त्याला आता सहा वर्षं होत आली. मुलगा अभिजीत ठाण्याला नोकरीला. सून श्रद्धा राजसीच्या जन्मापासून घरीच होती. आता राजसी सहा वर्षांची झाली आणि श्रद्धाला अंबरनाथच्या एका शाळेच्या ऑफिसात दुपारच्या पाळीचं काम मिळालं. जानेवारीपासून जायचं होतं. प्रश्न एकच होता. साडेबाराला राजसी शाळेतून आली की सहापर्यंत तिला कोण बघणार?

उत्तर समोर सोफ्यावर बसलेलं होतं. पण ते उत्तर गणपतीत गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाऊन उभं राहिलं होतं आणि पातेलं काळं ठिक्कर झालं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी आनंदराव पेन्शनच्या कामाला अंबरनाथला गेले आणि काम झाल्यावर पाय नेतील तसे आपल्या जुन्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल वाजवली. दार अनोळखी बाईने उघडलं. तिने पाणी दिलं, नंबर विचारला, अभिजीतला फोन केला. अभिजीत येऊन त्यांना घरी घेऊन गेला. त्या रात्री स्वयंपाकघरातून श्रद्धाचा आवाज आला तो त्यांनी ऐकला.

"अभि, आबा मला नकोत असं नाही रे. मला भीती वाटते. ते दार लावायला विसरले आणि ही लिफ्टमधून खाली गेली तर?"

आनंदरावांना राग यायला हवा होता. पण ती म्हणत होती ते खरं की खोटं, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना. पाय त्या जिन्याने का चढले, याचा त्यांनी बराच विचार केला. काही सापडलं नाही.

राजसीच्या वाढदिवसाला अभिजीतने चार फुटी काचेची टाकी आणली. "मासे कोण बघणार?" श्रद्धाने विचारलं. आनंदराव पटकन म्हणाले, "मी बघतो. पाण्याचं काम आहे." कोणीही त्याला परीक्षा म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच मनात ठरवून टाकलं, मासे जगले तर पोरगी माझ्याकडे राहील. नाही जगले तर मीच म्हणेन, पाळणाघर बघा.

मासे आणायला ते राजसीला घेऊन उल्हासनगरला गेले. मोबाईलच्या आणि फर्निचरच्या दुकानांच्या मध्ये हरेश नावाच्या सिंधी माणसाचं लांबोळं दुकान होतं. भिंतभर टाक्या बुडबुडत होत्या. राजसी कपाळावर टेंगूळ असलेल्या लालभडक माशापाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, हा! आणि तो निळा! आणि ते पट्ट्यांवाले!"

"बेटा, वो टेंगूळवाला अकेला रहता है," हरेश म्हणाला. "दुसरा कोई दिखा की तोडतो. साईं, ये सगळे सिक्लिड जातीचे, हेच घेणार ना? मग ऐका. अमेरिकेचे वेगळे, आफ्रिकेचे वेगळे. मिक्स नाय करायचा. आफ्रिकेचे घ्या, कलर एक नंबर. पण एकाच तळ्यातले घ्या. सारख्या रंगाचे दोन नर नको, एकमेकाला दुश्मन समजतात. एका नराला तीन माद्या. आणि पंधरा-वीस टाका."

"वीस?" आनंदराव दचकले. "चार फुटांत?"

"भीड पाहिजे, साईं. कमी टाकले तर मारामारी."

आनंदरावांना हसू आलं. जास्त माल खपवायची ही कोणती नवी तऱ्हा? उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही यंत्रावर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकलेला नव्हता. बरं, माद्या म्हणून हरेशने दाखवले ते मासे फिके, मातकट. त्यातली एक पिवळी तेवढी झकास होती. राजसी म्हणाली, "हे मातीच्या रंगाचे कशाला?" तेही खरंच होतं. त्यांनी पाचच घेतले, पाच रंगांचे, सगळ्यांत झगमगीत. निळा, केशरी, जांभळट, काळ्या पट्ट्यांचा आणि पिवळी.

"सगळे नर उचलले, साईं. फक्त ही यलो मादी," हरेश पिशवीला रबर लावत म्हणाला. "आपकी मर्जी."

पाण्याच्या बाबतीत मात्र आनंदरावांना कोणाचा सल्ला नको होता. त्यांच्या बिल्डिंगीत दोन प्रकारचं पाणी यायचं. स्वयंपाकघरात बारवी धरणाचं, न्हाणीत बोअरचं. बोअरच्या पाण्याने बादल्या पांढऱ्या पडायच्या, श्रद्धाचे केस गळायचे, शॉवरची भोकं बुजायची. ती भोकं आनंदराव दर महिन्याला लिंबू लावून मोकळी करत. तसलं पाणी ते मुक्या जिवांना थोडंच देणार? बारवीचंसुद्धा त्यांना पुरेसं वाटेना. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमधून तांब्या-तांब्याने पाणी काढून त्यांनी मासे आणायच्या आधीच, दोन दिवसांत टाकी भरली होती. मग बाटलीत थोडं घेऊन साबणाचं पाणी घातलं, हलवलं. बुचापर्यंत फेस.

"बघ राजसी, लोण्यासारखं पाणी आहे."

"आबा, लोणी पिवळं असतं."

"मऊ गं, मऊ."

टाकीची मोटर आठ दिवस नुसती फिरवली, मग उल्हासनगरहून मासे आणून सोडले. पहिला आठवडा दिवाळीसारखा गेला. शेजारच्या इंदुबाई रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "सिरियलपेक्षा बरं आहे बाई." दुसऱ्या आठवड्यात निळ्याने टाकीचा डावा अर्धा भाग आपला करून टाकला. मग उजवाही केला. पट्ट्यांवाल्याची शेपटी झडली. केशरी कोपऱ्यात, पंपाच्या मागे तोंड लपवून राहू लागला. आणि रंग! केशरी भाजलेल्या विटेसारखा होता, तो शिळ्या चहासारखा झाला. मारकुटा निळाही धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा दिसू लागला. आनंदराव रोज पाणी तपासायचे. फेस बुचापर्यंत. पाणी निर्दोष होतं, मासे मात्र मरणाच्या वाटेवर होते. हे कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं.

एका सकाळी केशरी वर तरंगत होता. राजसीने त्याला तुळशीच्या कुंडीत पुरायचा हट्ट धरला. श्रद्धाने खुरपं आणून दिलं. दुपारी आनंदरावांना टेबलावर पाळणाघराचा कागद दिसला. राजसीचं नाव लिहून झालं होतं, खाली सही नव्हती.

ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. आपण पाणी तपासतो असं आपल्याला नुसतं वाटतंय का? त्या जिन्यासारखं? त्यांनी पुन्हा बाटली घेतली. पुन्हा फेस आला. पण फेस म्हणजे चांगलं, हे तरी आपल्याला नीट आठवतंय ना? इथवर मजल गेली तेव्हा मात्र त्यांनी बाटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी औषध विचारायला ते एकटेच उल्हासनगरला गेले. हरेश गिऱ्हाइकात होता. टाक्यांमध्ये तेच मासे, तीच जात, गर्दी करून फिरत होते आणि रंग असे की डोळे दिपावेत. आनंदराव बघत राहिले. मग त्यांना जे सुचलं ते तेहतीस वर्षांच्या सवयीतून सुचलं. ज्याचं बॉयलर नीट चालतं, त्याचं पाणी बघावं. त्यांनी औषध मागितलंच नाही. आपली पाण्याची बाटली रिकामी केली आणि म्हणाले, "हरेशभाई, या टाकीतलं थोडं पाणी द्या."

"पाणी?" हरेश हसला. "मछली छोड के पाणी घेणारा पहिला गिऱ्हाईक."

घरी येऊन त्यांनी साबणाचे थेंब घातले, बाटली हलवली. फेस नाही. आणखी घातले. फेस नाहीच, वर फाटलेल्या दुधासारखे कण. बाटली विसळून पुन्हा केलं. तिसऱ्यांदा राजसीला करायला लावलं, कारण स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

"फेस येतच नाही, आबा."

"नक्की?"

"शप्पथ!"

असलं पाणी त्यांच्या पाळीत बॉयलरला गेलं असतं तर त्यांनी भोंगा वाजवला असता. आणि मासे त्यात मजेत होते! त्यांनी हरेशला फोन लावला.

"पाणी कौनसा टाकला तुम्ही?" हरेशने विचारलं. आनंदरावांनी सांगितलं. पलीकडून हरेश ओरडला, "अरे साईं! प्युरिफायरका? वो तो आजारी माणसाला द्यायचा. ह्यांचं तळं पत्थराचं, पाणी खारवट, जड. तुमच्याकडे बोअर आहे?"

"आहे. पण ते वाईट आहे."

"तुम्हाला वाईट. मछलीला जन्नत. पण एकदम नका बदलू, मरतील."

ते आनंदरावांना सांगावं लागलं नाही. थंड बॉयलरवर एकदम आग चढवायची नसते. रोज एक छोटी बादली जुनं पाणी काढायचं, एक बादली बोअरचं, रात्रभर भरून ठेवलेलं घालायचं. अभिजीतने रविवारी बारवीच्या वाटेवरच्या ओढ्यातून दगड आणले. हरेशच्या सांगण्यावरून त्यांची रास रचली, कपारी केल्या. मग आनंदरावांनी मनाचा हिय्या करून अकरा मासे आणखी आणले. त्यात माद्या बऱ्याच, आणि एक केशरीही. सोडायच्या आधी सगळे दगड हलवले. निळा आपला डावा कोपरा शोधत फिरला, तो त्याला सापडेना. एवढ्या गर्दीत कोणाकोणाला हाकलणार? दोघांमागे धावला आणि गप्प झाला.

"चाळीत भाडेकरू वाढले की दादागिरी संपते," इंदुबाई म्हणाल्या.

तीन आठवड्यांत रंग परतले. आनंदरावांना आनंद झाला, पण मनातला गुंता सुटला नाही. वाईट पाणी चांगलं निघालं, गर्दीत भांडण कमी झालं. मग आपण जे जे पक्कं धरून चाललो, त्यात आणखी काय काय उलटं असेल? आणि दूध? आणि तो जिना? त्याला कुठली बाटली लावून बघायची?

डिसेंबर सरत आला तसा त्यांनी एक कागद आखून फ्रिजवर लावला. बॉयलर हाऊसमध्ये तासातासाची नोंद असे, तशीच. रकाने चार. गॅस, दार, राजसी, मासे. डाव्या बाजूला वेळ. आठ दिवस ते रोज भरत होते. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी श्रद्धा कागदापुढे उभी राहून वाचू लागली.

"आबा, मंगळवारी तीन वाजता गॅसच्या रकान्यात 'बटण अर्धं उघडं सापडलं, बंद केलं' असं लिहिलंय."

"हो. मीच ठेवलं असणार. चहा केला होता."

"आणि हे? 'पिवळी चार दिवस खात नाही. कारण कळत नाही.'"

"नाही कळत, तर काय लिहू?"

"नसतं लिहिलं तर मला कळलंही नसतं."

"श्रद्धा, बॉयलरवर खोटी नोंद करणारा आधी दुसऱ्याला मारतो, मग स्वतः मरतो." ते थांबले. "मी विसरतो. किती ते मला माहीत नाही. तुला भीती वाटते ना, मलाही वाटते. म्हणून तासाला बघायचं. मोबाईलवर भोंगा लावलाय, तो वाजला की काय बघायचं ते राजसीलाही शिकवलंय. दर तासाला कागदाचा फोटो तुला पाठवेन. एखादा तास चुकला, तर पाळणाघराच्या कागदावर सही कर. मी आडवा येणार नाही."

श्रद्धाने पेन घेतलं आणि कागदाच्या माथ्यावर पाचवा रकाना आखला. 'आबांचं जेवण.'

दुसऱ्या दिवशी शाळेची बस राजसीला सोडून गेली आणि श्रद्धा चपला घालून दारात उभी राहिली. ती गेली नाही, परत आत आली, खिडकीची कडी बघितली, पुन्हा दारात गेली.

"आमच्यात पाळी बदलताना एक म्हणायचा, चार्ज दिला," आनंदराव म्हणाले. "दुसऱ्याने घेतला म्हटल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही."

श्रद्धाने पर्स खांद्यावर नीट केली. "चार्ज दिला, आबा."

"घेतला."

लिफ्ट खाली गेली. दाराला कडी. एक वाजला, भोंगा झाला. गॅस बंद, दार बंद, राजसी वरण-भात खातेय. आनंदराव टाकीपाशी वाकले. पिवळीने आजही खाल्लं नव्हतं. तिचा गळा फुगलेला दिसत होता आणि ती कपारीशी एकटी थांबून तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत होती. त्यांनी हरेशला फोन लावला.

"बधाई हो, साईं! तोंडात पोरं आहेत तिच्या. ह्यांची मादी अंडी तोंडातच उबवते. तीन हप्ते अशीच राहणार, तोंड उघडणार नाही, खाणार नाही. घाबरू नका."

"पण उपाशी?"

"आई आहे ना."

आनंदरावांनी फोन ठेवला. टाकीतल्या एवढ्या गर्दीत ती पिवळी तोंड मिटून उभी होती. राजसी जेवण संपवून भाताचा हात तसाच घेऊन शेजारी येऊन काचेला नाक लावून बघू लागली. त्यांनी पेन उचललं, फ्रिजपाशी गेले. आजारी नाही, बरी आहे असंही नाही, खात नाही आणि तरी सगळं ठीक आहे. हे माशांच्या रकान्यात कसं लिहायचं, ते त्यांना काही केल्या कळेना. शेवटी त्यांनी तो रकाना तेवढा मोकळा ठेवला, राजसीच्या रकान्यात 'जेवली' लिहिलं, कागदाचा फोटो काढला आणि श्रद्धाला पाठवला.