अहमदचाचांची अँब्युलन्स

अहमदचाचांचा आवाज असा, की शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कान पुढे करावा लागू नये. रत्नागिरीच्या धर्मादाय दवाखान्यात तीस वर्षं ते जखमा बांधत होते. पहिल्या महायुद्धात स्ट्रेचर उचलायला फ्रान्सला गेले, तेव्हा मिसरूड फुटत होतं. तिथल्या इस्पितळात एका म्हाताऱ्या फ्रेंच नर्सनं त्यांना शब्दांचं वेड लावलं. रक्त थांबवायला दंडावर पट्टी बांधून, तिच्यात काडी घालून पिळता पिळता ते कंपाउंडर बाबूला विचारत, "याला टुर्निके का म्हणतात? अरे, फिरवायचं म्हणून! फिरवण्याला फ्रेंचमध्ये तूर्ने म्हणतात."

"चाचा, पेशंट बोंबलतोय. शाळा मागनं भरवा."

१९५५च्या हिवाळ्यात मुंबईच्या गावकरी मंडळानं वर्गणी काढून दवाखान्याला मोटार दिली. पांढरी, नवीकोरी, बाजूला लाल अक्षरांत 'रुग्णवाहिका'. रविवारी मंत्री फीत कापणार. तोवर चाक फिरता कामा नये, असं बजावून मंडळाचे अध्यक्ष किल्ली खिशात घालून मुंबईला गेले.

गुरुवारी सकाळी तीन मैलांवरच्या वाडीतून भागोजी धावत आला. त्याची लेक चिमा पहिलटकरीण. पोटात मूल आडवं, त्याचा हात बाहेर आलेला. गंगा सुईण हरली होती.

"डागदरांनू, गाडी पाठवा. बैलगाडीत घातली तर वाटेतच जायल ती."

डॉक्टर खातूंनी मान खाली घातली. "किल्ली मुंबईला आहे, भागोजी. डोलीत घालून आण."

चाचांच्या हातातलं बँडेज घरंगळत ओसरीवर गेलं.

"डॉक्टरसाहेब, अँब्युलन्सचा अर्थ माहीत आहे?"

"चाचा, आत्ता नको."

"आत्ताच! फ्रेंच फौजेमागं एक इस्पितळ चालायचं. डॉक्टर, औषधं, पट्ट्या, सगळं. जखमी पडला असेल तिथं तेच जायचं. चालतं इस्पितळ! चालत्याला फ्रेंचमध्ये आंब्युलां म्हणतात, म्हणून अँब्युलन्स! मोटारीचा तेव्हा जन्मही नव्हता. आणि तुम्ही हा पांढरा डबा हार घालून मखरात बसवलाय!"

"अहो, पण किल्ली..."

"किल्ली मुंबईला गेली. पाय पण गेले का तुमचे मुंबईला?"

डॉक्टर लालबुंद. "आवाज खाली! मी गेलो तर या चाळीस माणसांना कोण बघणार?"

रांगेतली रझिया पदराआड खोकली. "आमी बसताव. खोकला काय पळून नाय जायत."

चाचांनी साबण, चिमटे, क्लोरोफॉर्मची बाटली पेटीत भरली, पेटी भागोजीच्या डोक्यावर दिली, स्ट्रेचर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि उंबऱ्यात वळले.

"आडवं मूल फिरवणं मला येत नाही. तुम्हाला येतं. अर्धं इस्पितळ निघालंय, साहेब. अर्धं खुर्चीत बसलंय."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेबलावर आपटला. मग तोच उचलून गळ्यात अडकवला. "चला!" असं ओरडले, की बाबू दचकला.

कातळावरून तीन मैल दोघं भांडतच गेले.

"उद्याच तुम्हाला कामावरून काढतो!"

"काढा. पण पाय उचला!"

वाडीत पोचल्यावर मात्र भांडण दाराबाहेरच राहिलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले. चाचा चिमाच्या उशाशी बसून थेंब थेंब क्लोरोफॉर्म सोडू लागले. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, पण हात थांबला नाही. शेवटी बाळाचे पाय सापडले; तेच धरून त्यांनी मूल फिरवलं. मुलगी आली ती निळी, निपचित. चाचांनी तिला उलटी धरून पाठ चोळली, पुन्हा चोळली. बारीक, चिडकं रडू फुटलं.

दुपारी चिमानं डोळे उघडले. "गाडी आयली?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आम्हीच आलो."

बाहेर येऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "चाचा, रविवारी मंत्र्यांसमोर तरी गप्प राहा."

"का म्हणून? अध्यक्षांनाही अर्थ कळायला नको?"