कव्हरवाल्या इसाकचाचांची पायरी

पाटोद्याच्या पेठेत मोहनरावांच्या मोबाइल दुकानाच्या पायरीवर इसाकचाचा अठरा वर्षं बसत आलेत. समोर बिस्किटांचे पत्र्याचे रिकामे डबे आणि डब्यांत मोबाइलची कव्हरं. बसणं असं की बघत राहावं! पाठ ताठ, टोपी पांढरीशुभ्र, जणू दरबार भरलाय आणि फिर्यादी यायचे तेवढे बाकी आहेत.

ती पायरी आता जाणार होती. मोहनरावांची सून धनश्री पुण्याला शिकून आलेली. दुकानाला काचेचं दार लावायचं, स्वस्तातले फोन काढून टाकायचे, लाखाच्या घरातलेच ठेवायचे, असं तिनं ठरवलं होतं. पायरी फोडून तिथं गुळगुळीत फरशी येणार होती.

हे सांगायला ती बाजाराच्या दिवशी बाहेर आली.

"चाचा, पुढच्या महिन्यापासून..."

"बसा सूनबाई, गिऱ्हाईक हाय."

ती टेकली. तुळजाबाई नावाच्या एका बाईनं पिशवीतून फोन काढला. "ह्येला आंगडं घाला, चाचा."

चाचांनी फोनकडं बघितलंच नाही. बघितलं बाईच्या तोंडाकडं. अंगठा फोनच्या पाठीवरून, कोपऱ्यांवरून एकदा फिरला आणि दुसरा हात सरळ तिसऱ्या डब्यात गेला. टक्! कव्हर बसलं.

"लेकाचा जुना फोन ना?"

"आगं बया! तुमाला कुनी सांगितलं?"

"कोपरे खिशातल्या किल्ल्यांनी घासलेत. तुमी तर पिशवीत ठेवता."

धनश्री बघतच राहिली. उठायचं विसरली. एकामागून एक माणसं येत होती. कुणालाच आपल्या फोनचं नाव धड सांगता येत नव्हतं, आणि चाचांचा अंगठा एकदाही चुकत नव्हता.

"चाचा, डबे कसे लावलेत?"

"किमतीनं. ह्यो दहा हजारांच्या आतला, आठवड्यातून दोनदा भरावा लागतो. ह्यो वीसपतुरचा. मागं ह्यातल्या एका फोनची किंमत कंपनीनं दोन हजारांनी वाढवली. कुणी भांडलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. नुसते शेजारच्या डब्याकडं सरकले. म्हैन्यात त्याची कव्हरं हितंच धूळ खायला लागली."

हाच धडा धनश्री पुण्यात दोन वर्षं तक्ते काढून शिकली होती. इथं तो बिस्किटांच्या डब्यांत मांडून ठेवलेला होता.

"आणि लाखाचे?"

चाचांनी एक चिमुकली डबी उघडली. "गावात तीन. एक अमरसिंह पाटलांचा, एक डॉक्टरांचा. तिसरा उत्तरेश्वरचा, पर त्यो कव्हर घालीत न्हाई. झाकलं तर लोकांना दिसंल कसं?"

हसता हसता धनश्रीचा चेहरा उतरला. तीन! सगळ्या पाटोद्यात तीन!

"चाचा, मी तुम्हाला सांगायला आले होते, ही पायरी..."

"ठावं हाय. गवंडी काल माप घिऊन गेला." चाचांनी पाठीमागचा मोठा डबा पुढं ओढला, काठोकाठ भरलेला. "पर दुकान चालाया पायजे ना? ह्यो बघा. त्याच भारी कंपनीचे फोन, चार वर्सं जुने. पोरं बीडवरून वापरलेले आणतेत. नवा झेपत न्हाई, पर हातात त्योच पायजे. दिवाळीपासून ह्यो डबा सारखा फुगतोय."

ज्यांची जागा आपण काढून घेतोय, तेच आपल्याला वाट दाखवतायत.

"हे मामंजींना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यांनी इचारलं कवा?"

महिन्यानं काचेचं दार आलं. आत उजेडात एकच नवाकोरा भारी फोन, एकटा, राजासारखा. त्याच्या खाली वापरलेल्यांची लांब रांग. आणि भिंतीवर, जिथल्या तिथं, दहा हजारांच्या आतले.

धनश्रीनं पंख्याखाली खुर्ची मांडली आणि चाचांना आत बोलवायला गेली.

"आत?" चाचा दचकले. "आतून फोन दिसतेत, सूनबाई. मानसं न्हाई दिसत."

फरशी घेऊन उभ्या असलेल्या गवंड्याला धनश्रीनं हातानंच थांबवलं आणि पायरी सोडून काम करायला सांगितलं.