मागच्या सीटसाठी घेतलेलं सस्पेन्शन

शोरूममधल्या मुलीने टेस्ट ड्राइव्हसाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं, आणि मी मागचं दार उघडून आत बसले. तिला वाटलं, बाईंना गाडी येत नाही. मी म्हणाले, "येते गं मला. पंधरा वर्षं नाशिकरोड ते एकलहरे रोज नोकरीला चालवत गेले. पण गाडी कशी आहे ते पुढे बसून कळत नाही. तू चालव." ती बिचारी मुकाट्याने चालवायला बसली. मागे बसून गाडी पारखणारं गिऱ्हाईक तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मागे बसण्यातला माझा अनुभव दांडगा आहे. लग्न होऊन सिन्नरच्या पुढच्या गावात आले तेव्हा सासरी एक जीप होती आणि ती मोठे दीर चालवायचे. त्यांना घरात सगळे दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. जीपमध्ये कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं होतं. पुढे दादा आणि सासरे. मधल्या सीटवर सासूबाई, जाऊबाई आणि मांडीवर पुतण्याला घेतलेले आमचे हे. आणि सगळ्यात मागे, जिथे दोन आडवी बाकं समोरासमोर असतात, तिथे बाजरीचं एक पोतं, जेवणाची पातेली आणि मी.

पोतं कशाला, तर जीप मागून हलकी असली की उसळते. मागे वजन टाकलं की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि पुढच्यांना धक्के कमी लागतात. हे दादांचं शास्त्र, आणि आमच्या भागात जीप असलेल्या प्रत्येक घराचं होतं. शास्त्र खरं आहे, मी नंतर विचारून घेतलं. फक्त कुणाचं वजन टाकायचं ते शास्त्रात लिहिलेलं नसतं. आमच्याकडे ते धाकट्या सुनेचं टाकायचे. पोतं एखाद्या वेळी विसरायचं, मला कधी कुणी विसरलं नाही.

वीस वर्षं मी तशी बसले. लग्नांना, बारशांना, दहाव्यांना, देवीच्या गडावर. तोंडातून ब्र काढला नाही. लग्नाला सहा वर्षं झाली असतील, गडावर नैवेद्य घेऊन चाललो होतो. रस्त्यातल्या एका मोरीवर जीप अशी उडाली की माझं डोकं वरच्या लोखंडी दांडीला आपटलं आणि मी खाली आले ती थेट पातेल्याच्या काठावर. कमरेत काहीतरी सरकल्याचं मला तेव्हाच कळलं. दादांनी ब्रेक मारला, मान वळवली आणि विचारलं, "खीर सांडली का?"

मी म्हणाले, नाही. जीप पुढे निघाली.

त्यानंतर मी तीन आठवडे अंथरुणात होते. सासूबाई म्हणाल्या, नाटकं आहेत. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकली आहे. तेव्हापासून माझ्या कमरेला पट्टा आहे, आणि दर पावसाळ्यात आठवडाभर मला चप्पल घालायला खाली वाकता येत नाही. आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. माणूस सरळ होता, पण त्या दिवशी मधल्या सीटवर बसून तो खिडकीबाहेर बघत होता. हे मी त्याला त्याच्या शेवटच्या आजारपणातही माफ केलं नाही, आणि आता खोटं कशाला बोलू, अजूनही केलेलं नाही.

पण खरा राग दादांवर. लोक म्हणतात, वय झालं की माणसाचा राग निवळतो. माझा तर वर्षागणिक वाढत गेला. मला माफी नको होती. मला एवढंच हवं होतं, की त्या माणसाने एकदा मागे बसावं, मागे बसणं म्हणजे काय असतं ते त्याच्या कमरेला कळावं, आणि कळलं असं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावं. या एका गोष्टीसाठी मी तीस वर्षं दात-ओठ खात होते.

गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि नवी गाडी घ्यायची ठरवली. मनात भरलेल्या गाडीची दोन मॉडेलं होती. खालच्यात साधं सस्पेन्शन. वरच्यात ॲडॅप्टिव्ह, आणि त्याला तीन लाख जास्त. शोरूमच्या मुलीने मला समजावलं, "मॅडम, ही गाडी रस्ता ओळखते. चारही शॉकॲब्सॉर्बर आपोआप मऊ-कडक होतात. तुमचा कमरेचा प्रॉब्लेम आहे ना, मग डोळे झाकून हेच घ्या."

डोळे झाकून मी एकदा लग्न केलं होतं, म्हणून आता उघडे ठेवले. दोन्ही मॉडेलं एकाच रस्त्यावरून, दोन्ही वेळा मागे बसून, कमरेचा पट्टा सोडून पाहिली. सरळ रस्त्यावर वरची गाडी छान होती. वळणावर ती एका बाजूला झुकायची नाही, आणि लांबलचक उंचवट्यावरून उतरल्यावर खालची गाडी दोनदा डोलायची तिथे ही एकदाच टेकून गप्प बसायची. पण खोल खड्ड्यात दोघीही सारख्याच आदळल्या. माझ्या कमरेने दोघींना जवळजवळ सारखेच गुण दिले असते.

मग मी उपनगरच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेले. माझी जुनी गाडी त्यांनीच आजवर चालती ठेवली. हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, खड्डा म्हणजे खड्डा. ही सिस्टीम गाडीचं डोलणं थांबवते, खड्डा बुजवत नाही. आणि वरच्या मॉडेलला चाकं मोठी देतात, टायरची बाजू पातळ. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. उद्या त्यातला एक शॉकॲब्सॉर्बर गेला तर साध्या गाडीचे चारही येतील एवढे पैसे जातील. साधं मॉडेल घ्या, जाड बाजूचे टायर ठेवा, हवा बरोबर ठेवा. राहिलेल्या पैशात कमरेचा इलाज करा."

इतकं शहाणपणाचं बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. पटलंच मला. खालचं मॉडेल बुक करायला म्हणूनच मी परत शोरूममध्ये गेले, आणि त्या मुलीने जाता जाता शेवटचा प्रयत्न केला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्पोर्ट मोड बघितलाच नाही. तो तुम्हाला लागणार नाही म्हणा, तो यंगस्टर्ससाठी असतो. गाडी एकदम कडक होते." मी म्हणाले, दाखव.

ती चालवायला बसली, मी मागे. तिने बटण दाबलं आणि गाडीची जात बदलली. रस्त्यावरचा बारीकसारीक खडाही सीटमधून मोजता येईल, इतका लागत होता. पहिल्याच गतिरोधकावर कमरेतून कळ निघाली ती थेट मानेत. ती घाबरून म्हणाली, "सॉरी मॅडम, कम्फर्टवर टाकते." तिने दुसरं बटण दाबलं आणि पुढच्या गतिरोधकावरून गाडी शहाण्यासारखी उतरली. मी तिला म्हणाले, "परत कडक कर बघू." तिने केली. परत कळ. एकाच गाडीत दोन गाड्या होत्या. एक माझ्यासाठी. आणि दुसरी कुणासाठी, हे मला त्याच क्षणी कळलं. इतका निर्मळ आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

चाचांचं सगळं खरं होतं, आणि मी वरचं मॉडेल बुक केलं. ज्याने त्याने विचारलं की ते सस्पेन्शन खरंच तेवढ्या पैशांचं आहे का. मी सगळ्यांना सांगितलं, कमरेसाठी घेतलंय हो. कुणाच्या कमरेसाठी, ते कुणी विचारलं नाही.

पुढे मला फार वाट बघावी लागली नाही. दादांच्या नातीचा साखरपुडा मनमाडला ठरला. पुतण्याचा फोन आला, "काकू, आमची गाडी माणसांनी आणि सामानाने भरली. आईचे गुडघे धरलेत, ती काही येत नाही. दादांना तेवढं तू गावावरून घेऊन येशील का?" मी म्हणाले, आनंदाने. शब्दही अगदी मनापासून वापरला.

गावात पोचले तेव्हा दादा ओट्यावर तयार बसले होते. आता अठ्ठ्याहत्तर वय, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी. सवयीने ते पुढच्या दाराशी आले. पुढच्या सीटवर मी पेढ्यांचे खोके आणि साड्यांची बॅग ठेवली होती, वर सीटबेल्टही लावला होता.

"हे मागं ठेव की," दादा म्हणाले.

"मागे हादरतं, दादा. पेढे मोडतील. तुम्ही मागे बसा."

ते मागचं दार उघडून हळूहळू आत शिरले. मी आरसा नीट लावला. मागची गाडी दिसावी म्हणून नव्हे, मागचा माणूस दिसावा म्हणून. मग बटण दाबून गाडी कडक केली, चांगला हायवे सोडला आणि येवल्याकडे जाणारा आतला रस्ता धरला. पाइपलाइनसाठी तो मधोमध खणलेला होता आणि नंतर कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो मी आदल्या आठवड्यात जाऊन बघून आले होते.

मी गाडी वेगात घेतली नाही. वेगात घेतली असती तर चूक माझी झाली असती. बेताने चालवत राहिले, फक्त एकही खड्डा चुकवला नाही. दादा वरच्या कडीला लटकले. मग काठी टाकून दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. ओठ घट्ट मिटलेले. माझीही कंबर ठणकत होती, पुढे बसले म्हणून धक्के काही मला सोडत नव्हते. पण प्रत्येक धक्क्याला मी आरशात बघायची आणि मला गार वाटायचं. मी नुसती वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील.

अर्ध्या तासाने त्यांनी माझ्या सीटवर थाप मारली. "थांबव जरा."

मी कडेला घेतली. ते दार धरून खाली उतरले आणि कमरेवर हात ठेवून वाकून उभे राहिले. मीही उतरले. वाटलं, आला तो दिवस.

"एवढी महागाची गाडी घेतली म्हणं तू," ते म्हणाले, "लय हादरते गं."

"मागे बसलं की हादरतंच, दादा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जीपमधी तुला मागं मीच बसवायचो."

"माहीत आहे मला."

"आधी तुझ्या जावेला बसवली व्हती, तू यायच्या आधी. तिनं सिन्नर येईस्तोवर बोंबलून जीव खाल्ला माझा. तू कधी बोललीच नाय. म्हणलं, हिला बसवावं, ही बोलत नाय."

मी विचारलं, "मला लागत होतं, ते कळत होतं तुम्हाला?"

"कळत व्हतं की," दादा म्हणाले. "आरशात दिसायचं ना."

तीस वर्षं मी समजत होते की या माणसाला ठाऊक नाही. ठाऊक करून द्यायला मी तीन लाख जास्त मोजले, रस्ता शोधला, पेढ्यांना बेल्ट लावला. आणि त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. वीस वर्षं दिसत होतं. कमरेला कळवून काही उपयोग नव्हता, कळायचं काही उरलंच नव्हतं. मला रडू आलं नाही. असा संताप आला की हातातली किल्ली तळव्यात रुतली.

"पुढं बसू का आता?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मागेच बसा. मी आता बोलणार आहे."

ते बसले. मी बटण दाबून गाडी मऊ केली. दया आली म्हणून नव्हे. धक्के लागत असले की माणसाचं सगळं लक्ष कमरेत असतं, आणि मला त्यांचं लक्ष माझ्याकडे हवं होतं. मग मी लग्नानंतरच्या पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. कुणाचं बारसं होतं, कुठल्या वळणावर कुठे आपटले, वर तोंडावर हसू कसं आणलं, घरी येऊन न्हाणीघरात कंबर कशी चेपली, सगळं एकेक करून, आवाज न चढवता. दादा दोनदा म्हणाले, "बरं, झालं आता." मी थांबले नाही. येवला आलं, गेलं. एकदा त्यांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा मी म्हणाले, "दादा, जागे राहा." त्यांनी डोळे उघडले.

मनमाडला कार्यालयासमोर गाडी लावली तेव्हा मी लग्नाच्या चौथ्या वर्षापर्यंत आले होते. दारात तोरण होतं, सगळे दादांची वाट बघत उभे होते, नात हात हलवत होती. दादांनी घाईघाईने दाराच्या कडीला हात घातला.

"बसा, दादा," मी म्हणाले. "अजून सोळा वर्षं राहिली आहेत."

त्यांनी बाहेर नातीकडे पाहिलं, आरशात माझ्याकडे पाहिलं आणि कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मी पाचवं वर्ष सांगायला घेतलं.