बर्फात लपवलेलं इन्सुलिन

सातवीच्या पोरांना मी दरसाल शिकवते: जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन करतं, आणि इन्सुलिन नसलं तर खाल्लेलं अंगी लागत न्हाई. फळ्यावर चित्रही झकास काढते. आणि घरात मात्र मीच माती खाल्ली.

माझ्या धाकट्या बहिणीचं इन्सुलिन बाराव्या वर्षीच बंद पडलं. तेव्हापासनं ती रोज सुई टोचून घेते. सोयरीक जुळली तेव्हा आईनं माझा हात धरला. "तिकडच्यांना सांगू नको गं माय. पोरीला दुखणं हाय म्हणलं की संपलं सगळं." मी मान हलवली.

साखरपुडा औरादला, आमच्याच घरी. पाव्हण्यांच्या बाया थंड पाण्यासाठी फ्रीज उघडणार, हे ठरलेलंच. म्हणून आदल्या दिवशी फ्रीजच्या दारातल्या इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या मी कागदात गुंडाळल्या आणि वर बर्फाच्या कप्प्यात दडवल्या. केवढी हुशारी! सकाळी बहिणीनं बाटली मागितली, तर गोठलेली बाटली मुठीत धरून पातळ केली आणि दिली. तिला काही बोलले न्हाई.

बुद्धवंदना झाली, पाव्हण्यांनी एकामागं एक पेढे भरवले. तिनं हसत खाल्ले, नंतर नेमानं सुई घेतली. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, डोळे उघडंनात. "दृष्ट लागली," आई म्हणायली. गाडी करून बिदरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "इन्सुलिन कुठं ठेवलं होतं?" मी सांगितलं.

"अहो, एकदा गोठलं की वाया गेलं ते. शिकलेल्या दिसताय तुम्ही."

दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली. बर्फातल्या बाटल्यांचं मी तिला सांगून टाकलं. तेवढ्यात होणारी सासू केळी घेऊन दारात हजर. "काय झालं आमच्या सुनेला?" आई माझ्याकडं बघायली.

"पित्त झालंय," मी म्हणले. एवढं होऊनही! जीभ कशी झडली न्हाई माझी?

"पित्त न्हाई," खाटेवरनं आवाज आला. "मला जन्मभर इन्सुलिन लागतंय, मावशी. ह्या दोघींनी तुमच्यापासनं लपवलं."

सासूच्या हातातली केळी तशीच राहिली. बहीण तिच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"सोयरीक मोडली तर मी जगंन, अक्का," ती म्हणली. "तू असं लपवलंस तर न्हाई जगणार."