वरच्या गावांची गाडी

ताईची बातमी आली, तेव्हा मी आधी तिच्या गाडीवर चिडलो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असंच. ऑक्टोबरातला मंगळवार होता, सकाळचे पावणेआठ झाले होते आणि मी इथे जर्मनीत, नेकारसुल्मला, आमच्या गाड्यांच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या ज्या संस्थेत ताई परिचारिका होती, तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला. सुनंदा आज पहिल्या घरी पोचलीच नाही, फोनही उचलत नाही, तुम्हाला काही माहीत आहे का, असं त्या विचारत होत्या. मी म्हणालो, गाडी बंद पडली असणार. आणि पुढची दोन मिनिटं त्या गाडीचं वय, तिचा गंज, तिचा आवाज असं सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी तिच्या घरासमोर उभी आहे. गाडी इथेच आहे..." ताई झोपेतच गेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सत्तावन्न वर्षांची होती.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे तिच्या सेवाभावाबद्दल बोलतात. ताईसमोर कुणी हा शब्द काढला असता, तर तिने त्याला चहा देऊन विषय बदलला असता. म्हणून मी गाडीबद्दलच लिहिणार आहे. तीन वर्षांपूर्वी ती गाडी घेऊन दुरुस्त करण्यात आमचे जे दोन महिने गेले, त्यांत मला माझी बहीण जेवढी कळली तेवढी आधीच्या पन्नास वर्षांत कळली नव्हती. आणि इतकं हसलोही नव्हतो.

ताई मूळची मिरजेच्या इस्पितळातली. यजमान गेल्यावर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, जर्मन भाषेच्या परीक्षा देत देत ती इकडे आली. मी वर्षानुवर्षं इथे राहून ऑफिसात इंग्रजीवर भागवत होतो, आणि ही दोन वर्षांत तिच्या म्हाताऱ्या पेशंटांची गावठी जर्मन बोलायला लागली. ती हायडेलबर्गच्या जवळ, ओडेनवाल्डचे डोंगर सुरू होतात तिथे राहायची. सकाळी सात ते दुपारी दोन तिची फेरी असे, आणि त्या फेरीची शेवटची चार घरं डोंगरावरच्या गावांत होती. हिवाळ्यात ते रस्ते म्हणजे कठीण काम. एका जानेवारीत संस्थेची छोटी गाडी वळणावर घसरून ताईसकट खड्ड्यात गेली. ताईला खरचटलंही नाही, पण मुख्य बाई घाबरल्या. त्यांनी तिला त्या हिवाळ्यापुरतं खालच्या सपाट गावांत फिरायला लावलं. पुढच्या सप्टेंबरात त्यांनी सांगितलं, की वरच्या घरांना हिवाळ्यात जायला कुणीच तयार नाही, तेव्हा डिसेंबरपासून त्या चौघांना दुसरी सोय बघायला सांगावं लागेल. दुसरी सोय म्हणजे वृद्धाश्रम, हे सगळ्यांना कळत होतं. त्या चौघांत हेर लाउअर (हेर म्हणजे इथलं श्रीयुत) नावाचे शहाऐंशी वर्षांचे सुतार होते. पायाला जुनी जखम, घरात एकटे, आणि घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ताईने बाईंना विचारलं, मी माझी स्वतःची, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी आणली तर? बाई म्हणाल्या, नोव्हेंबरअखेर तपासणी पास झालेली गाडी मला दाखव, मग फेरी तुझी.

आता चारही चाकांना जोर, हा नेमका माझा विषय. कारखान्यात मी पोटापाण्यासाठी हेच करतो. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, ते ठरवणारा प्रोग्रॅम लिहितो. ताईने फोन केल्यावर मला कोण आनंद झाला. मी बाजारातल्या सात जुन्या कोंबी निवडल्या (मागे सामानाला लांबलचक जागा असलेल्या गाडीला इथे कोंबी म्हणतात), प्रत्येकीला बारा निकषांवर गुण दिले आणि तो तक्ता तिला पाठवला. तक्ता मिळाल्याचं तिने कळवलं. त्याच संध्याकाळी पुन्हा कळवलं, की गाडी घेतली. ती त्या सातांत नव्हती. एकोणीस वर्षांची, शेवाळी हिरवी, आत ओल्या कुत्र्याचा वास. विकणारे एक निवृत्त वनरक्षक होते. मी तावातावाने विचारलं, तू काय बघून घेतलीस? ती म्हणाली, "अरे बाळ, किल्ली देताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ती नीट ठेवली असणार. तुझ्या तक्त्यात याला रकाना होता का?"

नव्हता. पण गाडीखाली गंज मात्र भरपूर होता. तपासणीच्या आधी ब्रेकच्या नळ्या, एका बाजूचा गंजलेला पत्रा आणि चाकाजवळचं फाटलेलं रबरी आवरण बदलावं लागणार होतं. जवळच एक भाड्याचं गॅरेज होतं. तासावर लिफ्ट मिळते, हत्यारं मिळतात, काम आपलं आपण करायचं. ते युसुफ नावाचा साठीचा माणूस चालवायचा. पहिल्याच शनिवारी त्याने मला विचारलं, तुम्ही काय करता? मी अभिमानाने सांगितलं, गाड्या बनवतो. मग त्याने माझ्या हातात पाना दिला, आणि मी तो कसा धरलाय ते पाहून मुकाट्याने काढून ताईच्या हातात दिला. खरं सांगतो, इतकी वर्षं या धंद्यात असून मी गाडीच्या खाली कधी गेलो नव्हतो. आमची गाडी संगणकात असते आणि तिला खालची बाजू नसते.

ताई मात्र पहिल्या दिवसापासून रमली. रबरी हातमोजे घालून ती उभी राहिली, एका ट्रेवर स्वच्छ फडकं पसरलं आणि त्यावर हत्यारं ओळीने मांडली. गंज खरवडताना ती युसुफला विचारायची, चांगल्या पत्र्यापर्यंत पोचलो का, अजून खरवडू? जखम साफ करतानाही असंच, निरोगी भाग लागेपर्यंत थांबायचं नाही, असं तिने मला समजावलं. मी टॉर्च धरून उभा राहायचो आणि चुकीच्या जागी उजेड पाडल्याबद्दल बोलणी खायचो. दुपारी ती डबा उघडायची. थालीपीठ आणि लोणी. तिसऱ्या शनिवारपासून युसुफने आमच्याकडून लिफ्टचं भाडं घेणं सोडलं आणि थालीपीठं किती आणलीत ते विचारायला लागला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाडी तपासणीत पास झाली. नंबरप्लेटवर पास झाल्याची नवी गोल चकती, प्लाकेट, लागली, तेव्हा ताईने तिला हळदकुंकू वाहिलं आणि तपासनिसाच्या हातावर पेढा ठेवला. तो आधी घाबरला, लाच समजला असावा. त्याच आठवड्यात भाऊबीज होती. मी ठरवलं, या वर्षी साडी नाही. दोन कोरे हिवाळी टायर घेऊन गॅरेजातच हजर झालो. आधीचे चारही चालण्यासारखे होते, त्यातले पुढचे दोन बदलावेत असा माझा हिशोब. युसुफने गॅरेजात निरांजन लावायला साफ मनाई केली, पेट्रोलचा वास होता. तेव्हा ताईने तबकात टॉर्च उभा ठेवला आणि त्या उजेडात मला ओवाळलं. युसुफ टोपी काढून बाजूला उभा होता. टायर मी स्वतः बसवले, तिच्या देखरेखीखाली.

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी बिघडली. सरळ रस्त्यावर ठीक, पण हळू वळवली की आचके द्यायची, आतून करकर आवाज यायचा, आणि दहा किलोमीटरनंतर काहीतरी तापल्याचा वास. मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेलो. गाडी पुढेमागे घेतली, आवाज ऐकला, वळणावर वळणं घेतली आणि निदान केलं. पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला भाग गेला आहे, तो बदलणं या गाडीला परवडणारं नाही. ताईला मी जरा घाईनेच सांगितलं, कारण आतून मला कुठेतरी बरंही वाटत होतं. माझ्या तक्त्यातली घेतली असतीस तर, असं मी म्हणालोसुद्धा.  नोव्हेंबर संपायला तीनच आठवडे उरले होते. ताई पायरीवर बसली आणि म्हणाली, "लाउअरना मी सांगून बसलेय रे, की कुठे जाऊ नका म्हणून..." तिचा एवढासा झालेला चेहरा मी त्याआधी फक्त एकदाच पाहिला होता, तिचे यजमान गेले तेव्हा.

मी आत चहा करायला गेलो. परत आलो तर ताई गाडीशेजारी उकिडवी बसलेली, आणि तिच्या हातात कापडी टेप. हेर लाउअरांच्या पायांची सूज ती रोज या टेपने मोजायची. दोन्ही पाय, एकाच जागी, आणि आकडे लिहून ठेवायची. एका पायाकडे बघून काही कळत नाही, दुसऱ्याशी ताडून बघावं लागतं, असं ती नेहमी म्हणे. तिने मला गाडी थोडी थोडी पुढे घ्यायला लावत चारही टायरांभोवती टेप फिरवला. मग उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "बाळ, पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा तीन सेंटिमीटर जाड आहेत. चालेल का असं?"

नाही चालत. अजिबात नाही चालत. पुढची चाकं मोठी आणि मागची झिजून लहान झालेली असली, की दोन्हींचा वेग जुळत नाही आणि मधला भाग सतत ताणला जाऊन तापतो. हे मला ती सांगत होती. मी या विषयावर व्याख्यानं दिली आहेत. पण आमच्या संगणकात चारही चाकं नेहमी सारखीच असतात, आणि आपल्याकडे टायर दोन-दोन करूनच बदलतात. दोन्ही सवयी मिळून मी भाऊबीजेला बहिणीची गाडी बिघडवून ठेवली होती. मी कबूल केलं. ताई इतकी हसली, इतकी हसली, की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं. गॅरेजात गेल्यावर हे ऐकून युसुफही हसला. म्हणाला, आल्झो, म्हणजे अस्सं, आता कळलं इंजिनिअर काय करतात ते. त्याच दुपारी मी आणखी दोन टायर आणले. करकर थांबली. सुदैवाने आतलं काही गेलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला आणि ताईने मला पहाटेच बोलावून घेतलं, शेजारी बसायला. ती ज्या वळणावर घसरली होती, तिथे मी डोळे मिटून पायाने नसलेला ब्रेक दाबला. ताईने गिअर खाली घेतला, स्टिअरिंग हलकेच धरलं आणि गाडी शहाण्या म्हशीसारखी एका लयीत वर चढली. वर पोचल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत पहिली आल्यावरही ती इतकी फुशारली नव्हती. हेर लाउअर खिडकीत उभे होते. जखम बांधून झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून नेऊन आपण केलेला जिना दाखवला, आणि ताईला म्हणाले, "मी वृद्धाश्रमाला आजच नकार कळवतो." तीन हिवाळे ताईने एकही फेरी चुकवली नाही. हे माझ्या टायरांच्या जोरावर, असं मी सगळ्यांना सांगत फिरत असे.

ती गेल्यावर गाडी मी माझ्या दारात आणून ठेवली. मुख्य बाईंनी दोनदा विचारलं, संस्थेला द्याल का? नव्या मुलीला वरची फेरी द्यायची आहे, सध्या त्या स्वतः कशाबशा जाऊन येतात, पण बर्फ पडला की अवघड आहे. मी उत्तर दिलं नाही. द्यायची नव्हती मला. आत बसलं की ताई शेजारी असल्यासारखं वाटायचं, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं. गेल्या गुरुवारी बर्फ पडला. वरच्या चौघांनी ताईला वेळोवेळी दिलेल्या जॅमच्या रिकाम्या बरण्या माझ्याकडे होत्या, त्या परत करायचं निमित्त काढून मी निघालो. खरं तर त्या रस्त्यावर एकदा तिची गाडी चालवायची होती.

पहिल्या घरासमोर रस्त्याच्या कडेचा बर्फ एका लांबट चौकोनात साफ केलेला दिसला. वर खडीही टाकलेली. कुणी पाहुणे येणार असतील, असं वाटलं. दुसऱ्या घरासमोर तसाच चौकोन. तिसऱ्याही. तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला. हेर लाउअर आता एकोणनव्वद वर्षांचे आहेत. ते पट्टी बांधलेल्या पायाने, फावड्यावर रेलून, नुकत्याच साफ केलेल्या जागेशेजारी उभे होते. मी गाडी आत घेतली. पुढे आणि मागे हातभर जागा उरली. त्या जागा ताईच्या कोंबीसाठी होत्या. तिला उतरताना पाय घसरू नये म्हणून पहिल्या हिवाळ्यापासून ते चौघे ती पोचायच्या आत हे करत होते, हे मला नंतर हेर लाउअरांकडून कळलं. ताईने मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या टायरांचा अभिमान तिने तसाच राहू दिला होता.

मी बरण्या घेऊन उतरलो. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. ती नाही हे त्यांना माहीत होतं, अंत्यविधीला ते पहिल्या ओळीत बसले होते. पण सकाळी बर्फ दिसला आणि हात फावड्याकडे गेला, असं म्हणाले. मग त्यांनी गाडीकडे बघितलं.

"ही गाडी तुम्ही घेऊन जाणार?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हणालो. सोमवारपासून नवी मुलगी येईल, हीच गाडी घेऊन. हे बाईंना मी अजून कळवलंही नव्हतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि फावडं पुन्हा उचललं. "मग दाराची बाजू थोडी आणखी साफ करतो. नवीन माणूस गाडी जरा लांब लावतं."