एकशे चव्वेचाळिसावा महिना

नागपूरच्या उन्हाळ्यात जन्मलेली, पारा बेचाळिसावर असला की "आज बरं आहे" म्हणणाऱ्या घरात वाढलेली बाई वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सप्टेंबर महिन्यात पाठीवर स्की बांधून बर्फ शोधत फिरते, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. शैला खानझोडेला त्याची सवय झाली आहे. ती सातासमुद्रापार, टकोमा शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवते, कानामागची दांडी वाकवते, आणि आभाळ मोकळं असलं तर तेवढ्यात दाराबाहेर जाऊन माउंट रेनियर या हिमशिखराकडे एक नजर टाकून येते. पांढरं किती उरलं, राखाडी किती झालं, हे तिला पाहिल्याशिवाय राहवत नाही.

याचं कारण तिचा नेम. त्या भागातल्या स्कीवेड्यांची एक रीत आहे: वर्षाचे बाराही महिने, एकही न चुकवता, महिन्यातून निदान एकदा स्की करायची. डिसेंबर ते मे कोणीही करेल. खरा कस लागतो ऑगस्ट-सप्टेंबरात. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद, खालचा बर्फ वितळून गेलेला, आणि जिथे हिमनद्या आहेत अशा मोजक्या डोंगरांवर दोन-तीन तास पायपीट करून वर जायचं, तेव्हा कुठे स्की पायात चढवण्याजोगी जागा मिळते. चार वळणांसाठी दिवसभराची हमाली. किती घसरलं म्हणजे तो महिना धरायचा, यावरून या लोकांत कडाक्याची भांडणं होतात. शैलाचा नियम स्वतःपुरता होता आणि पक्का होता: हजार फुटांचा उतार. नऊशे नव्वद चालणार नाही.

बारा वर्षांपूर्वी तिची मुलगी अनिका कॉलेजसाठी दूर ॲन आर्बरला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. तो ऑक्टोबर शैलानं बिछान्यात काढला असता, पण मार्गी नावाची शाळेची बस चालवणारी एक बाई चष्मा बदलायला आली, आणि बोलता बोलता शैलाला आपल्याबरोबर डोंगरावर घेऊन गेली. स्की शैलानं त्याआधी दोनदाच केली होती, तीही पडत पडत. त्या दिवशी ती हजार फुटांत चौदा वेळा पडली आणि घरी येऊन तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली. मग थांबलीच नाही. हिमनदीवर एकट्यानं जाऊ नये म्हणून दर महिन्याला दोघी बरोबर, कमरेला दोर, पिशवीत मार्गीचं सँडविच आणि शैलाची दशमी-चटणी.

असे एकशे त्रेचाळीस महिने झाले. आता एक राहिला होता. तो झाला की बारा वर्षं, म्हणजे एक तप पुरं.

आणि याच वेळी नागपूरहून सरलामावशी आली.

सरलामावशीनं शैलाला नवव्या वर्षापासून वाढवलेलं. वय चौऱ्याहत्तर, आवाज खणखणीत, मत प्रत्येक गोष्टीवर. आल्या आल्या तिला दिसलं की भाचीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे आणि गॅरेजमध्ये दोर, कुऱ्हाड, काटेरी लोखंडी तळवे टांगले आहेत. प्रसन्न, म्हणजे शैलाचा नवरा, बिचारा सरळ माणूस. त्यानं विचारल्याबरोबर सगळं सांगून टाकलं. हिमनदीला भेगा पडतात, घराएवढ्या खोल, आणि वरून बर्फानं झाकलेल्या असतात, हेसुद्धा.

मावशी त्या दिवशी जेवली नाही.

"काय करून राहिली तू बाई?" दुसऱ्या दिवशी तिनं शैलाला समोर बसवलं. "हा गुडघा, हे वय. आणि कशासाठी? कोणी बक्षीस देऊन राहिलं का?"

"माझा नेम आहे, मावशी."

"बरं, नेम आहे. मग नेमाचं उद्यापन असतं का नाही? सोळा सोमवार केले तरी सतराव्याला सुटका असते. तुझं उद्यापन कधी?"

बारा वर्षांत हा प्रश्न शैलाला कोणी विचारला नव्हता आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता. तिच्या तोंडून निघून गेलं, "या महिन्यात तप पुरं होतंय."

"झालं तर! तप पुरं कर, आणि संपव. गणपतीसमोर बोल."

घरी गणपती बसला होता, समोर मोदकांचं ताट होतं, मावशीचे डोळे भरले होते. शैलानं शब्द दिला. एकशे चव्वेचाळिसावा महिना चुकला तर बारा वर्षं पाण्यात, आणि साधला तर तो शेवटचा. रात्री तिनं प्रसन्नला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग हळू हळू साध." त्याच्या परीनं तो धीरच देत होता.

महिन्याच्या सुरुवातीला वणव्यांचा धूर होता, मग गणपती, मग चार दिवस पाऊस. राहता राहिला तीस तारखेचा शनिवार. पहाटे प्रसन्न गाडी घेऊन निघाला, मागे मार्गी आणि शैला, पुढच्या सीटवर शाल पांघरून मावशी. "उद्यापनाला घरचं माणूस नको का?" म्हणून ती हट्टानं आली होती. रेनियरच्या कुशीत गाडीरस्ता जिथे संपतो तिथे मोठं हॉटेल आहे, बाकं आहेत, आइस्क्रीम खाणाऱ्यांची गर्दी आहे. प्रसन्न आणि मावशी तिथल्या एका बाकावर बसले. दोघी मैत्रिणी स्की पाठीला बांधून पायवाटेनं निघाल्या. अर्ध्या चड्डीतले लोक थांबून थांबून विचारत होते, "वर बर्फ आहे का?" मार्गी दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगे, "नाही, आम्ही नदीत घालायला नेतोय."

दोन तासांनी बर्फ लागला. चढताना स्कीच्या तळाला लांब पट्ट्या चिकटवतात. एका बाजूला डिंक, दुसऱ्या बाजूला दाट लव. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. शैलानं पट्टी लावली, ती सुटली. पुन्हा दाबून लावली, पुन्हा सुटली. तिनं स्की उलटी करून पाहिली आणि मटकन खालीच बसली.

काळ्याभोर तळावर टोकापासून शेवटापर्यंत तेलात कालवलेली हळद फासली होती. मधोमध कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, त्यावर दोन-तीन अक्षता. दोन्ही स्कींना. सरलामावशीनं रात्री सगळे झोपल्यावर उद्यापनाची पूजा केली होती. वरच्या बाजूला बकऱ्याचं आणि बिअरच्या बाटलीचं चित्र चिकटवलेलं, म्हणून तिनं विचारपूर्वक खालची स्वच्छ बाजू निवडली होती. हळद उडू नये म्हणून तेल सढळ हातानं घातलं होतं.

"हे काय आहे?" मार्गीनं विचारलं.

"आशीर्वाद," शैला म्हणाली.

मार्गीनं स्कीला बोट लावलं, वास घेतला, आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग शैलालाही हसू फुटलं. पण हसून डिंक चिकटत नाही. तासभर दोघी खरवडत बसल्या. रुमाल गेला, दशमीचा कागद गेला, शैलाचं लायब्ररीचं कार्ड पिवळं झालं. तेल काही हटलं नाही, उलट पट्टीच्या डिंकात उतरलं आणि तीही कामातून गेली. शेवटी बुटांना काटे बांधून, स्की पुन्हा पाठीवर घेऊन शैला पायीच चढू लागली. गुडघा कुरकुरत होता. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या उशिरानं घात केला. सरळ हजार फूट उतार मिळावा म्हणून जिथवर जायचं ठरलं होतं, तिथे पोचण्याआधीच ऊन चढलं आणि आठवड्यापूर्वी पडलेला नवा बर्फ मऊ पडला. एका जागी मार्गीनं काठी टोचून पाहिली. काठी मुठीपर्यंत आत गेली, खाली काहीच लागलं नाही. ती भेग होती.

"आज नाही," मार्गी म्हणाली.

शैलानं वर पाहिलं. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. पण ती मागे वळली. बारा वर्षांत दोघींनी एकच गोष्ट कधी मोडली नव्हती: एकीनं नाही म्हटलं की विषय संपला.

दोराला बांधून पायीच खाली उतरताना मार्गी एका जागी थांबली. खडकांच्या दोन रांगांमध्ये जुन्या, घट्ट बर्फाचा एक पट्टा होता, भेगांपासून दूर. तिनं मनगटावरच्या घड्याळात उंची पाहिली. "अडीचशे फूट," ती म्हणाली, आणि शैलाकडे बघत राहिली.

"चार वेळा," शैला म्हणाली.

नियम हजार फुटांचा होता. ते एका दमात हवेत असं कुठे म्हटलं होतं?

पहिल्या फेरीत हळदीनं बर्फावर दोन लांब पिवळ्या रेघा उठल्या. पिवळ्या बर्फावरून मार्गीनं जो विनोद केला तो इथे लिहिण्याजोगा नाही. उन्हानं वरचा बोटभर थर सैल झाला होता, जाड्या रव्यासारखा, आणि स्की त्यात सरसर आवाज करत वळत होती. हाच बर्फ उन्हाळ्यात चालून जाणाऱ्यांचं खरं सुख. खाली पोचायचं, स्की काढायची, पाठीवर घ्यायची, पुन्हा पायी वर. दुसरी फेरी. तिसरी. वरच्या वाटेनं उतरणारे लोक थांबून बघत होते. दोन म्हाताऱ्या एवढ्याशा बर्फावर वरखाली करताहेत आणि खदखदा हसताहेत, म्हणजे काय प्रकार आहे हे त्यांना उमगत नव्हतं.

चौथ्यांदा वर पोचल्यावर मात्र शैलाचं हसू थांबलं. आता खाली गेलं की संपलं. तिला वाटलं, इथेच बसून राहावं. साडेसातशे फुटांवर सोडून द्यावं. तप पुरंच झालं नाही तर शब्द पाळायची वेळ येणार नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मावशीच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला वाटी अर्धवट घासून ठेवायचीसुद्धा परवानगी नव्हती. तिनं काठ्या रोवल्या आणि निघाली. शक्य तितक्या सावकाश, शक्य तितकी जास्त वळणं घेत, पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तेवीस वळणं झाली. तिनं मोजली.

चार वाजता त्या खाली आल्या. बाकाजवळ मावशी उभी होती, बसलेली नव्हती. दिवसभर वरून येणाऱ्या प्रत्येकाला तिनं "टू लेडीज?" एवढंच विचारलं होतं, असं प्रसन्ननं नंतर सांगितलं. दुपारपर्यंत लोक नकारार्थी मान हलवत होते. मग एक तेलुगू कुटुंब उतरलं आणि त्यांच्यातल्या काकूंनी हिंदीत सांगितलं की त्या दोघी वर आहेत, सुखरूप आहेत, आणि इतक्या हसताहेत की अख्ख्या डोंगराला ऐकू येतंय. मावशीनं ते त्यांना तीनदा सांगायला लावलं.

"पूजा लागली का?" मावशीनं विचारलं.

"लागली. अजून निघत नाहीये."

"आणि हजार फूट?"

"झाले." शैलानं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. "झालं, मावशी. संपलं." हसत म्हणायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. लाल झालेलं नाक, ओठांना लागलेलं ऊन, भरलेले डोळे. मग ती बाकावर बसली, शाल सारखी केली आणि उजव्या हाताच्या बोटांची पेरं मोजू लागली.

"यंदाचा श्रावण," ती म्हणाली. "करोनाच्या वर्षीचा आश्विन. त्याआधी ज्येष्ठ. त्याआधी आषाढ. आणि तू सुरू केलंस त्याच्या पुढच्याच वर्षी भाद्रपद."

"त्यांचं काय?"

"अधिक महिने ना ते! तू इंग्रजी महिने मोजून राहिली. पंचांगानं पाच महिने कमी भरले तुझे. अशा अपुऱ्या तपाचं उद्यापन कोण करतं?"

प्रसन्न हळूच म्हणाला, "मावशी, पण ते पाच भरले की—"

"प्रसन्नराव, तुम्ही गाडी आणा," मावशी म्हणाली. मग भाचीच्या गालावरचं पाणी शालीच्या टोकानं पुसत म्हणाली, "आणि दर तीन वर्षांनी एक अधिक येतोच. तेवढं मोजत जा."